कागदावरचा सूर्य

काच तडकली तेव्हा माझा उजवा डोळा दुर्बिणीलाच होता. फुटाणा फुटावा तसा बारीक आवाज झाला, आणि काजळी धरलेल्या काचेतून जो लालसर, एका कडेने कुरतडलेला सूर्य मी पाहत होते तो एकदम पांढरा झाला. मी डोळा काढला नाही. मागे बाबा उभे होते आणि म्हणत होते, "हालू नको. दहापर्यंत मोज अन् मग सर." माझे सात झाले होते. आठला डोळ्यातून पाणी आलं. दहा म्हणून मी मागे सरले. दुखलं नाही. लोकांना वाटतं फार दुखलं असेल, आणि नाही म्हटलं की त्यांची जराशी निराशा होते. अजिबात दुखलं नाही. बाबांनी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "राहू दिसला का तुले?" मी म्हणाले, "नाही दिसला." लोक हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. "ऐका! नऊ वर्षांची पोट्टी सांगून राहिली, राहू नाही म्हणते!" डाव्या डोळ्यावर धरलेला हात मी अजून काढला नव्हता. तसंच वळून मी मायकडे पाहिलं. माय विळीवर वांगी चिरत होती. तिचे कान दिसले, अंबाडा दिसला, विळीवरचे हात दिसले. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी काळा, काठाने लकाकणारा डाग होता, आणि मी नजर नेईन तिकडे तो डाग आधी जाऊन बसत होता.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. आम्ही मूळचे वऱ्हाडातले. बाबा नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. क्वार्टरांच्या एका लाइनीत आमचं घर शेवटून दुसरं. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब. सकाळी भोंगा वाजला की साऱ्या लाइनीतल्या कड्या एकदम वाजायच्या, सायकली निघायच्या, आणि मग दिवसभर लांबून हातोड्यांचा आवाज. ज्या दिवशी तो आवाज नसे त्या दिवशी कान दुखल्यासारखं वाटायचं. सकाळचं खाणं म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घातलेला, त्यावर कच्चा कांदा आणि जवसाची चटणी. भात इथला, चटणी आमच्या गावची. मायला ते कधी पसंत नव्हतं. "पाण्यातला भात काय खाता जी, दुखणाईत माणसासारखा," असं ती म्हणायची आणि सर्वांत जास्त तीच खायची.

ग्रहणाचं आमच्या घरात एक वेगळं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावी माझी आजी ग्रहण सुटायच्या वेळेला दारोदार फिरायची. "दे दान, सुटे गिऱ्हान" असं ओरडत जायचं, तो आमच्या जातीवर टाकलेला मान. लोक उंबऱ्याच्या आतून जुनं लुगडं, मूठभर जवारी, शिळी भाकर फेकायचे. हातात द्यायचे नाहीत. राहू त्यांच्या घरावरून उतरून आमच्या टोपल्यात यावा म्हणून ते दान. ती टोपली धरून आजीच्या मागून जाणारं पोरगं म्हणजे माझे बाबा. बाबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले सगळे देव एका पोत्यात घातले आणि इथल्या बूढ़ापाऱ्याच्या तलावात नेऊन बुडवले. मायने पोतं मात्र धुऊन परत आणलं. देव गेले, तरी ग्रहण बाबांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. वर्कशॉपात कोणी नुसतं ग्रहण म्हटलं तरी ते चिडायचे. मला हे सगळं कळतं. तेव्हाही थोडं कळत होतं. कळतं म्हणून मी त्यांना माफ केलं असं कोणी समजू नये.

त्या उन्हाळ्यात सूर्यग्रहण येणार असं ठवकर गुरुजींनी शाळेत सांगितलं. मी मराठी शाळेत चौथीत होते, वर्गात दुसरी. पहिली का नाही, असं बाबा विचारायचे, कारण पहिला येणारा पोरगा वर्कशॉपातल्या त्यांच्या साहेबाचा होता. मी घरी येऊन ग्रहणाचं सांगितलं आणि बाबा ताटावरून उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत गेले. गुरुजींकडे दुर्बीण कशी करायची याचं चित्र असलेलं एक फाटकं पुस्तक होतं. मग महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बूढ़ापाऱ्यातल्या चष्मेवाल्याकडून दोन नंबरच्या चष्म्याचं गोल भिंग आणलं. ते पुढे. मागे, जिथे डोळा लावायचा, तिथे घड्याळजी डोळ्यात धरून बसतो ते भिंग. मध्ये पत्र्याची हातभर नळी, बाबांनी वर्कशॉपात स्वतः वळलेली, आतून कंदिलाच्या काजळीने काळी केलेली. खाली लोखंडी बैठक, तिच्यावर नळी खालीवर आणि गोल फिरायची. टेबलावर ठेवायची आणि टेबलाशी बसून पाहायचं. काम फार नीट केलं होतं. माझा बाप हाताचा हुशार होता, यात वाद नाही.

आमची मैत्री, माझी नात, मागच्या महिन्यात खोक्यातून जी दुर्बीण घेऊन आली ती तेवढीच आहे. जाड, बुटकी, टेबलावर बसणारी, लाकडी बैठकीवर फिरणारी. नवशिक्यांसाठी असते म्हणे. खोकं उघडल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, "सूर्याचं काही लिहिलं आहे का?" तिला मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. "हाँ आजी, लिखा है ना, सूरज की तरफ़ नहीं देखना।" कुठे लिहिलंय दाखव म्हटलं. नळीच्या बुडाशी मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. चार खिळे जोडून करायच्या स्टुलाबरोबर ते मोठमोठ्या चित्रांचा कागद देतात आणि डोळा जाण्याची गोष्ट मुंगीएवढ्या अक्षरात छापतात. ज्याने छापली त्याला माझ्यासमोर बसवा, मी त्याला वाचून दाखवते एका डोळ्याने.

असो. गुरुजींनी बाबांना सांगितलं होतं, आणि ते माझ्यासमोर सांगितलं होतं, म्हणून मी शपथेवर लिहू शकते. "दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचं नाही. काजळीची काच लावूनही नाही. मागे पांढरा कागद धरायचा. सूर्य आपोआप कागदावर येतो." ग्रहणाच्या आदल्या दिवशी आम्ही ते करून पाहिलं. शाळेतून मागून आणलेलं टेबल अंगणात, त्यावर दुर्बीण. बाबांनी नळीची सावली बघत बघत ती सूर्याकडे लावली आणि मी मागे माझ्या वहीचा कोरा कागद धरला. आधी नुसता उजेडाचा फराटा. मग बाबांनी मागचं भिंग थोडं ओढलं आणि कागदावर लिंबाएवढा सूर्य आला. गोल, काठ स्वच्छ. त्यावर एक बारीक काळा ठिपका होता. मला कागदावर माती लागली असं वाटून मी कागद हलवला, तर ठिपका सूर्याबरोबरच राहिला. सूर्य हळूहळू कागदावरून सरकत होता आणि मी त्याच्याबरोबर कागद सरकवत होते. मायने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "अवं, हा तर पोट्टीच्या हातात बसला!" बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या आयुष्यातला चांगला दिवस कोणता असं कोणी विचारलं तर मी लग्नाचा सांगत नाही, तो सांगते.

ग्रहणाच्या दिवशी सुट्टी होती. साऱ्या लाइनीत दारं बंद, चुली बंद, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं. फक्त आमची चूल पेटली होती. बाबांनी सकाळीच मटण आणून दिलं होतं आणि मायला सांगितलं होतं, ग्रहण लागलं की फोडणी टाक, वास जाऊ दे लोकांच्या घरात. मायला सातवा महिना होता. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरलं की पोराचा ओठ चिरतो अशी समजूत. म्हणून तिने अंगणात विळी घेऊन बसायचं आणि सर्वांसमोर वांगी चिरायची, हेही बाबांनी ठरवलं. तिला कोणी विचारलं नाही. शेजारच्या सहोद्रा काकू दार किलकिलं करून हळूच म्हणाल्या, "दीदी, भीतर जा ना। झन काट।" नको चिरू, असं. माय म्हणाली, "हव." आणि चिरत राहिली. तिच्या कपाळावर घाम होता. वांगी इतकी बारीक चिरली की नंतर त्यांची भाजी नाही, नुसता लगदा झाला.

अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती, बहुतेक आपलीच. काही बाहेरची कुंपणापलीकडे उभी. माझ्या हातात कागद होता. ग्रहण लागलं आणि कागदावरच्या लिंबाला एका बाजूने चावा घेतल्यासारखं झालं. मी ओरडले, "लागलं! लागलं!" लोक वाकून पाहू लागले. कडुलिंबाच्या पानांतून खाली जे उजेडाचे ठिपके पडतात ते सगळे चंद्रकोरीसारखे वाकडे झाले होते, मातीवर, मायच्या लुगड्यावर, वांग्यांवर. कोणी नजर खाली घातली असती तर ग्रहण अंगणभर सांडलेलं होतं. पण झिबल काका आले होते. झिबल काका म्हणजे बाबांचे वर्कशॉपातले जोडीदार, आमच्याच समाजाचे, तोंडाने फार. ते कागदाकडे बघून म्हणाले, "हे काय रे? सूर्य पाहाले बोलावलं अन् कागद दाखवून राहिला? भेव लागते का तुले त्याचं?"

"गुरुजी म्हणते कागदावर पाहा," बाबा म्हणाले.

"गुरुजीले काय जाते! तिकडं कुंपणापाशी ते पाहून राहिले ना, ते काय म्हणतीन? तोंड चुकवून पाहते म्हणतीन. तुही माय गिऱ्हान मागे तव्हा मान खालीच घाले. तू बी खालीच घाल."

हे झिबल काका हसत बोलले. अशा गोष्टी लोक हसतच बोलतात. कुंपणापलीकडूनही कोणी हसलं. बाबांचं तोंड कसं झालं ते मला आजही दिसतं; तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले होते. त्यांनी माझ्या हातातून कागद ओढला, चुरगाळला आणि चुलीकडे फेकला. खिशातून काजळीची काच काढली, ती नुसत्या डोळ्याने पाहणाऱ्यांसाठी ठेवली होती, आणि दुर्बिणीच्या मागच्या भिंगावर दोऱ्याने बांधली. झिबल काका म्हणाले, "हां, आता पाह्य तू पहिले." बाबा म्हणाले, "मी काहून? माही पोट्टी पाहते. पोट्टी भेत नाही तर मी काय भिईन?"

मी म्हणाले होते. हे लिहून ठेवते, कारण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. मी म्हणाले, "बाबा, गुरुजींनी नाही सांगितलं आहे." बाबा म्हणाले, "गुरुजी भित्रा आहे." मग मी बसले आणि डोळा लावला आणि एक, दोन, तीन मोजायला लागले.

माझ्यानंतर कोणी पाहिलं नाही. काच तडकलेली दिसल्यावर झिबल काकांना घरी काम आठवलं. मटण सर्वांनी खाल्लं. मी भाकर मोडायला ताटात हात घातला तो ताटाबाहेर पडला. मायने माझ्याकडे पाहिलं, ताट सारून मला आतल्या खोलीत नेलं, माझा डावा डोळा हाताने झाकला आणि समोर दोन बोटं धरली. मी म्हणाले, "तुहा हातच नाही."  बाबा दारात उभे होते. ते पहिल्यांदा जे बोलले ते हे: "बाहेर कोणाले सांगू नको."

रात्र झाली, सकाळ झाली, डाग गेला नाही. आठ दिवस मायने कांद्याचा रस, गुलाबपाणी, दुधाची साय, जे कोणी सांगेल ते घातलं. मी रस्त्यात दोनदा पडले तेव्हा लाइनीला कळलं. सहोद्रा काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत रडल्या आणि म्हणाल्या, "गरहन धर लिस नोनी ला।" पोरीला ग्रहणाने धरलं. बाई मायाळू होती, पण तिचं ते वाक्य महिनाभर लाइनीत फिरलं. बायका मला बघून पदर सावरायच्या. मग बाबांनी मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरला सांगितलं, काडी लागली. खेळता खेळता डोळ्यात काडी लागली. मी शेजारी स्टुलावर बसले होते. डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं, वरून तर काही दिसत नाही म्हणाले, थेंब दिले आणि सांगितलं, साल भर पढ़ना-लिखना बंद, दूसरी आँख पर ज़ोर पड़ेगा. खरं सांगितलं असतं तर डोळा वाचला असता असं मी म्हणत नाही. नंतर मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं की तो वाचणारा नव्हता. पण खरं सांगितलं असतं तर त्या माणसाने माझं वाचणं बंद केलं नसतं. काडीच्या दुखण्याचं औषध मला दिलं, आणि पथ्य मात्र माझ्या शाळेला लागलं.

गुरुजी घरी आले. खाटेवर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "मी कागद म्हणालो होतो."

"चहा घ्या गुरुजी," बाबा म्हणाले.

"चहा नको. पंचफुलेला पाचवीत पाठवा. एका डोळ्याने सगळं वाचता येतं. बाकीचं मी बघतो."

"डॉक्टर नाही म्हणते."

"डॉक्टरांना तुम्ही काय सांगितलं?"

 बाबा हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, खरं सांगितलं तर ते जिंकले ना. जन्मभर म्हणतीन, पाहा, राहूनं दाखवलं." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते भांडतील. ते चप्पल घालून निघून गेले. त्यांच्यावरही माझा राग आहे. खरं ज्याला माहीत असतं त्याने एवढ्या लवकर चप्पल घालू नये.

जिंकले आणि हरले! मी काही लढायला गेले नव्हते. मी चौथी पास झाले होते. पाचवीची पुस्तकं शेजारच्या मुलीची जुनी आणून मायने कव्हरं घालून ठेवली होती. एक बाजू म्हणत होती ग्रहणाने डोळा खाल्ला, दुसरी म्हणत होती काडीने, आणि दोन्ही बाजूंना माझा डोळा कामाला आला. सूर्याने जाळला, एका माणसाला चारचौघांत भित्रा दिसायचं नव्हतं म्हणून जाळला, एवढं साधं वाक्य साऱ्या लाइनीत कोणी बोललं नाही.

दोन महिन्यांनी आनंद जन्मला. ओठ, टाळू, बोटं, सगळं नीट. बाबा त्याला पंच्यात गुंडाळून दारोदार घेऊन फिरले. "पाहा, माझ्या बायकोनं ग्रहणात वांगी चिरली. पाहा पोराचा ओठ." खरंच होतं ते. मी मागून त्याच्या दुपट्यांची टोपली धरून जात होते. बाबांना त्यात काही ओळखीचं दिसलं का, मला माहीत नाही. वर्ष झालं तेव्हा आनंद चालायला लागला होता आणि त्याच्यामागे धावायला कोणीतरी पाहिजे होतं. पाचवीची पुस्तकं कव्हरांसकट परत गेली. दुर्बिणीची भिंगं काढून बाबांनी डबीत ठेवली, आणि नळीत माय पळ्या-उलथनी उभी करायची. आनंद बी.एस्सी. झाला. तो चांगला आहे, त्याला यात ओढायचं नाही.

वाचणं मी सोडलं नाही. दुकानातलं सामान ज्या कागदात यायचं तो कागद वाचायचा, हे मी लग्नानंतरही केलं. बाबा म्हातारे झाल्यावर त्यांना मीच पेपर वाचून दाखवायची. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा मध्येच म्हणाले, "पंचफुला, तुले कोणत्या डोळ्यानं नाही दिसत? डाव्या ना?" मी म्हणाले, "उजव्या." ते म्हणाले, "हाव का." मी पुढची बातमी वाचली. माझी माफी मागायचा जो काही मुहूर्त होता तो तोच होता, आणि तो माणूस कोणता डोळा तेच विसरला होता.

बाबांचं एक बरोबर होतं आणि ते मी आजही भांडून सांगते. ग्रहण म्हणजे सावली. आताही ग्रहण आलं की फोनवर शंभर निरोप येतात, जेवू नका, चिरू नका, पोटुशींनी झोपू नका. पाठवणारी शिकलेली माणसं, माझ्या तिप्पट शिकलेली. मी त्या दिवशी मुद्दाम भाजी चिरते. पण सूर्याकडे पाहत नाही, आणि कोणी पाहायला लागलं तर त्याचा हात धरते.

मैत्रीच्या दुर्बिणीतून मी चंद्र पाहिला, संध्याकाळी गच्चीवर, डाव्या डोळ्याने. खड्डे दिसले, डोंगराच्या सावल्या दिसल्या. चांगला होता. तिच्या बापाने मागे एकदा म्हटलं होतं, आईच्या उजव्या डोळ्यात बारमाही ग्रहण आहे. मला असली वाक्यं आवडत नाहीत. डोळा गेला आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैत्रीला दुर्बीण उन्हात ठेवायला लावली, नळीची सावली बघून ती कशी लावायची ते दाखवलं आणि तिच्या हातात कोरा कागद दिला. वर डोळा न नेता, नुसता कागद. एक मिनिट, आणि मग झाकण. "आजी, ये तो हाथ में आ गया!" ती म्हणाली. मग मी जाड पेन घेतला आणि नळीवर, त्या मुंग्यांच्या वर, बोटभर अक्षरात मराठीत लिहिलं: याने सूर्याकडे पाहू नये. नवीन वस्तू खराब केली म्हणून तिचा बाप थोडा कुरकुरला.

त्या दिवशी अंगणात असलेल्यांपैकी आता दोघंच जिवंत आहोत. आनंद आणि मी. आनंद तेव्हा मायच्या पोटात होता. त्याने काही पाहिलं नाही. पाहिलं ते मी, दहापर्यंत मोजून.